व्हेनिस भिंतीवर, पळसदेव पाण्यात

गेल्या शनिवारी वाकडला एका मित्राच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. पुरणपोळी, कटाची आमटी, पोरांचा दंगा, सगळं यथासांग झालं. जेवणानंतर साहेब आम्हाला घर दाखवत फिरले. मॉड्युलर किचन झालं, बाल्कनीतला झोपाळा झाला, आणि मग हॉल. सोफ्याच्या वर ओळीनं तीन छोटी ऑइल पेंटिंग्ज. प्रत्येकी साधारण फूटभर रुंद, सोनेरी फ्रेम. एकात कालवा आणि काळी होडी, दुसऱ्यात पावसातला रस्ता आणि छत्र्या, तिसऱ्यात पूल आणि मागे मनोरे. व्हेनिस, पॅरिस, प्राग.

"गेला होतास का रे कधी?" मी विचारलं.

"कुठलं राव! इंटिरियरवालीनं आणली. युरोपियन लुक."

आता हा पोरगा बारामतीचा. शाळा तिथली, अकरावी-बारावी तिथली, आईवडील अजून तिथंच. म्हणून सहज म्हणालो, "त्यापेक्षा एखादं बारामतीचं लावायचं ना."

"काय लावू? एसटी स्टँड?"

पंधरा-वीस माणसं खदाखदा हसली. मीही हसलो. घरी येताना मात्र डोक्यात किडा वळवळायला लागला, तो अजून वळवळतोय. म्हणून या वीकेंडला हा लेख. (मित्रा, तू वाचतोयस हे मला माहीत आहे. पुरणपोळी उत्तम होती.)

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना शेवटपर्यंत थांबायला नको. होय, एसटी स्टँड लाव! आपल्या गावाचं, गावात उभं राहून, हातभर लांबीच्या बोर्डावर तैलरंगात काढलेलं चित्र आपण विकत घेत नाही, कारण आपलं गाव बघण्यासारखं नाही असं आपण मनातून ठरवून टाकलंय. आणि आपण घेत नाही म्हणून ते कुणी काढत नाही. मग गाव बदलतं, बुडतं, पाडलं जातं आणि त्याचं चित्र कुठंच उरत नाही.

आणि एसटी स्टँडचंच म्हणाल तर, ज्या स्टँडवर आम्ही रविवारी संध्याकाळी डबे घेऊन पुण्याच्या गाडीसाठी चेंगराचेंगरी केली तो आता आहेच कुठं? तो पाडून नवा चकाचक स्टँड बांधला, मार्च २०२४ मध्ये त्याचं उद्घाटनही झालं. नवा चांगला आहे, माझी तक्रार नाही. पण जुन्याचं एक चित्र दाखवा. संध्याकाळचं तिरपं ऊन, डिझेलचा निळसर धूर, लाल गाड्या, उसाच्या रसाचं गुऱ्हाळ. लाल, निळा, पिवळा. अरे, पॅरिसच्या छत्र्यांत याहून वेगळं काय आहे?

आता त्या भिंतीवरच्या चित्रांबद्दल. व्हेनिसशी माझं भांडण नाही. उलट छोटी शहरचित्रं म्हणजे काय हे शिकायचं तर व्हेनिसलाच जावं. अठराव्या शतकात फ्रांचेस्को ग्वार्दी नावाचा माणूस तिथं राहून आपल्या शहराची लहान लहान दृश्यं रंगवायचा आणि प्रवासी ती घेऊन जायचे. गाव त्याचं, ऊन-पाणी त्याच्या डोळ्यासमोरचं. आपल्या सोफ्यावर येतो तो माल वेगळाच. चीनमध्ये शेन्झेनजवळ दाफेन नावाचं अख्खं गाव आहे, तिथं वर्षानुवर्षं असली चित्रं ठोकभावानं बनत आली. काढणारा व्हेनिसला गेलेला नाही, विकणारा गेलेला नाही, लावणारा गेलेला नाही. तीन माणसांनी न पाहिलेली जागा आणि तिला आपण हॉलमधली सगळ्यात चांगली भिंत देतो!

थोडं तांत्रिक बोलू, कारण इथं येणारे निम्मे वाचक माझ्यासारखेच कीबोर्डबडवे आहेत. छोटं तैलचित्र हे मोठ्या चित्राचं स्वस्त पिल्लू नव्हे. त्याचा आकार ठरतो सावलीवरून. चित्रकार उघड्यावर उभा राहतो तेव्हा समोरच्या भिंतीवरची सावली सरकत असते. दीड-दोन तासांत सगळा देखावा बदलतो. तेवढ्या वेळात जेवढा बोर्ड भरून होईल तेवढा घ्यायचा: आठ बाय दहा इंच, सहा बाय आठ, कधी त्याहून लहान. म्हणजे डेडलाइन सूर्याची आणि स्कोप तिच्यावरून ठरलेला. आमच्या मॅनेजरला हे कळलं तर काय बहार होईल. असो.

पूर्वी हे इतकं सोपं नव्हतं. तैलरंग घोटून डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवायचे, भोक पाडून काढायचे, मग ते वाळायचे, फुटायचे. १८४१ मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकारानं पिळून रंग काढायच्या धातूच्या ट्यूबचं पेटंट घेतलं आणि रंग खिशात मावायला लागला. मग लोक पेटी उचलून रस्त्यावर गेले. १८८९ च्या ऑगस्टमध्ये मेलबर्नला काही तरुण चित्रकारांनी एक प्रदर्शन भरवलं, नाव 'नऊ बाय पाच'. का, तर बरीचशी चित्रं सिगारच्या खोक्यांच्या लाकडी झाकणांवर काढलेली आणि ती झाकणं नऊ इंच बाय पाच इंच. सुमारे १८० चित्रं, त्यांत मेलबर्नचे रस्ते, पाऊस, संध्याकाळ. तिथल्या मोठ्या वर्तमानपत्राचा समीक्षक जेम्स स्मिथ यानं त्यांची यथेच्छ सालटी काढली. या पठ्ठ्यांनी काय करावं? ते परीक्षण कापून प्रदर्शनाच्या दारावरच लावलं. गर्दी वाढली. आज ऑस्ट्रेलियाच्या कलेचा इतिहास त्या झाकणांशिवाय लिहिता येत नाही. आणि तेव्हाचं मेलबर्न म्हणजे काही रोम नव्हतं हो. धड साठ वर्षांचंही नव्हतं ते गाव.

"पण आपल्याकडं काढण्यासारखं आहे काय?" हा पुढचा प्रश्न. तो कुणी विचारला की माझं डोकं फिरतं.

लंडनच्या नॅशनल गॅलरीत टॉमस जोन्स या वेल्श चित्रकाराचं एक तैलचित्र आहे, १७८२ च्या आसपासचं. आकार पोस्टकार्डाएवढा. विषय नेपल्समधली एक भिंत. बस्स! पोपडे निघालेली, ओल आलेली भिंत, एक खिडकी, कठड्यावर वाळत घातलेले चार कपडे. राजा नाही, देव नाही, समुद्र नाही. नेपल्समध्ये व्हेसुव्हियस आहे, किल्ले आहेत, सगळं आहे, आणि हा बाबा समोरच्या घराची भिंत काढत बसला. त्याच्या असल्या चित्रांची जगाला जवळजवळ पावणेदोनशे वर्षं खबर नव्हती, १९५० च्या दशकात ती घरातून बाहेर आली. आज लोक त्या भिंतीसमोर उभे राहतात.

भिंतीला जर एवढा मान, तर बारामतीला कऱ्हेच्या काठी बाबूजी नाईकांचा वाडा आहे. हे बारामतीकर जोशी म्हणजे पेशव्यांना कर्ज देणारे सावकार आणि वर सोयरे. त्यांच्या आश्रयाला पन्हाळ्याकडचा एक पुराणिक आला आणि १७९४ मध्ये मरेपर्यंत इथंच आर्या रचत बसला. मोरोपंत. शाळेत 'आर्या मयूरपंताची' घोकलीत ना? ते गाव हेच. काशिविश्वेश्वर आहे, सिद्धेश्वर आहे, नदीकाठच्या दगडी भिंती आहेत. पुढं सोनगावला कऱ्हा नीरेला मिळते. इंदापूर तालुक्याच्या टोकाला नीरा नरसिंहपूर, तिथं नीरा भीमेला मिळते, वर नरसिंहाचं देऊळ आणि खाली घाट. खुद्द इंदापूर म्हणजे जिथं मालोजीराजे भोसले, शिवाजी महाराजांचे आजोबा, लढाईत पडले ते गाव. गढी आहे, जवळ चाँदशावली बाबांचा दर्गा आहे. भीमेवर डिकसळचा ब्रिटिशांच्या काळातला पूल, आधी रेल्वेचा, मग रस्त्याचा. आणखी काय पाहिजे? आयफेल टॉवर?

परवा गंमत म्हणून एका एआयला सांगितलं, इंदापूरच्या बाजारपेठेचं तैलचित्र काढून दे. पाच सेकंदांत दिलं. गुलाबी दगड, घुमट, जाळीच्या खिडक्या, उंट. उंट! इंदापुरात! त्या बिचाऱ्याचा दोष नाही. ज्याची चित्रं कुणी काढलीच नाहीत त्याचा नमुना त्यानं शोधायचा कुठं? त्यानं आपला जयपूरचा नमुना उचलून चिकटवला. हे यापुढं वाढणार आहे, या धंद्यात आहे म्हणून सांगतो. तुमच्या गावाचं चित्र तुम्ही काढलं नाही तर मशीन काढेल, आणि त्यात उंट असतील.

आता तुम्ही म्हणाल, फोटो आहेत की. मोबाईलमध्ये वीस हजार फोटो पडलेत, चित्र कशाला?

इथं मला घरचं सांगावं लागेल.

आम्ही मूळचे पळसदेवचे. पुणे-सोलापूर हायवेवर भिगवण सोडून इंदापूरकडं निघालात की जे पळसदेव लागतं ते नवं. जुनं पळसदेव भीमेच्या काठी होतं, ते उजनीच्या पाण्यात आहे. धरणाचं काम १९६६ मध्ये सुरू झालं, १९८० मध्ये पुरं झालं, आणि त्यामधल्या वर्षांत पाणी चढत गेलं तसं गाव उठलं. ११७ टीएमसीचं धरण. सोलापूरला पाणी मिळालं, उसाचे मळे झाले, भिगवणला फ्लेमिंगो आले. आमच्या पिढीची शिक्षणंही त्याच उसावर झाली, त्यामुळं धरणाला शिव्या देण्याचं तोंड मला नाही. पण गाव गेलं ते गेलं. उरलं फक्त पळसनाथाचं देऊळ, तेही पाण्याखाली. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं की त्याचं शिखर वर येतं, दुष्काळी वर्षी अख्खं देऊळ उघडं पडतं. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये गेलं, उणे साठ टक्क्यांच्या आसपास, तेव्हा लोक गाड्या घेऊन बघायला आले. ड्रोन उडाले, रील झाल्या, मागे ढोलताशाचं म्युझिक. फोटोंना तोटा नाही.

पण ते सगळे फोटो देवळाच्या सांगाड्याचे आहेत. आमच्या गल्लीचा फोटो नाही. वेशीचा नाही. बाजाराचा, पारावर बसलेल्या माणसांचा नाही. १९७५ साली पळसदेवात कॅमेरा कुणाकडं असणार? लग्नात फोटोग्राफर यायचा, तो नवरा-नवरीला खुर्चीवर बसवून मागं पडदा लावायचा. पडद्यावर काश्मीर! म्हणजे हे काश्मीर-व्हेनिसचं खूळ आपल्याला तेव्हापासूनच आहे.

आमच्या शाळेत एक चित्रकलेचे सर होते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला त्यांनीच बसवलं मला (सी ग्रेड, विचारू नका). रिटायर होऊन आता इंदापुरात राहतात. दोन वर्षांपूर्वी त्यांना भेटायला गेलो. कपाटावरून त्यांनी एक बुटाचं खोकं काढलं, त्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेले हार्डबोर्डचे तुकडे. आठ बाय दहाचे. सर विद्यार्थी असताना सुट्टीत सायकलवर पेटी बांधून फिरायचे, तेव्हाची त्यांची कामं. बहुतेक इंदापूरची. आणि एक जुन्या पळसदेवचं. वेशीच्या आतला रस्ता, सकाळची वेळ, डाव्या हाताला मातीच्या भिंती, त्यावर निळी सावली, उजवीकडं एक लिंबाचं झाड आणि त्याखाली बैलगाडी. एका कोपऱ्यात रंगाला कसलंतरी कुसळ चिकटलेलं. पन्नास वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी सकाळचं पळसदेवचं कुसळ, रंग ओला असताना वाऱ्यानं येऊन बसलेलं. मला काय झालं सांगता येत नाही, पण मी ते बोटानं चाचपून बघितलं.

सरांना विचारून मोबाईलवर फोटो काढला आणि घरी आजीला दाखवला. आजी आता अठ्ठ्याऐंशीची आहे. तिनं फोन डोळ्यापाशी नेला, लांब नेला, परत जवळ नेला. आणि म्हणाली, "आरं, ह्यो लिंब हिकडं कुठं व्हता? तो तिकडं, वाण्याच्या दाराम्होरं व्हता. हितं आपल्या घराचा कोपरा दिसाया पायजे. कुणी काढलंय ह्ये? आंधळा हाय का त्यो?"

आणि मग तासभर ती बोलत होती. लिंबाखाली कोण बसायचं, वाण्याकडं काय उधार मिळायचं, बैलगाडी कुणाची असणार, वेशीतून पाणी भरायला कुठल्या वाटेनं जायचं. एवढ्या वर्षांत यातलं एक अक्षर तिनं सांगितलं नव्हतं. ड्रोनचा व्हिडिओ मी तिला त्याआधीच दाखवला होता. तो बघून ती फक्त "बाई बाई" म्हणाली होती आणि फोन परत दिला होता.

सरांना लिंबाचं विचारलं तर म्हणाले, "झाड तिकडंच होतं रे. पण तिकडं ठेवलं असतं तर चित्र एका अंगाला कललं असतं. उजवी बाजू मोकळी पडत होती. घेतलं सरकवून."

म्हणजे चित्र खोटं बोललं. फोटोवाल्यांना हा मुद्दा मी माझ्या हातानं देतोय, घ्या. चित्रकार झाडं सरकवतात. बेर्नार्दो बेलोत्तोनं अठराव्या शतकात वॉर्सा शहराची दृश्यं रंगवली, त्यानंही काही इमारती होत्या त्याहून देखण्या केल्या. (ती चित्रं मोठाली आहेत, आपल्या बोर्डासारखी नव्हेत, पण मुद्दा तोच.) १९४४ मध्ये जर्मनांनी ते शहर पद्धतशीर उद्ध्वस्त केलं. युद्धानंतर जुना भाग परत उभा करताना पोलंडच्या लोकांनी नकाशे आणि मोजमापांबरोबर बेलोत्तोची ती 'खोटी' चित्रंही समोर ठेवली. १९८० मध्ये तो पुन्हा बांधलेला भाग युनेस्कोच्या यादीत गेला. सरकवलेलं झाडसुद्धा काहीच नसण्यापेक्षा बरं असतं. शिवाय माणूस एखाद्या जागेकडं दोन तास बघतो तेव्हा त्याला काय महत्त्वाचं वाटलं, हे त्या सरकवण्यातच कळतं. फोटोच्या एका क्लिकला तेवढा वेळच नसतो.

इतकं लांबही जायला नको. शनिवारवाडा १८२८ मध्ये जळाला. आतला गणेश महाल कसा दिसत होता हे डोळ्यासमोर आणायचं तर आजही आपण टॉमस डॅनियलनं १८०५ मध्ये रंगवलेल्या पेशवे दरबाराच्या तैलचित्राकडं बघतो. ते लंडनला टेट संग्रहालयात आहे. डॅनियलनं ते काढलं जेम्स वेल्स या चित्रकारानं पुण्यात केलेल्या रेखाटनांवरून, कारण वेल्स स्वतः १७९५ मध्येच वारला. वेल्सबरोबर पुण्यात काम करणारा आपला एक माणूस होता, गंगाराम तांबट. त्याची चित्रं आज कुठं आहेत? अमेरिकेत, येल विद्यापीठात. नेली कुणी? पुण्याचा इंग्रज रेसिडेंट मॅलेट यानं. लुटून नेली नाहीत हो, त्यानं कामं सांगितली आणि ती घेतली. आपल्या गावाकडं बघून काढलेलं चित्र विकत घ्यावं असं ज्याला वाटलं त्याच्याकडं ती गेली.

आणि कोल्हापूरचे आबालाल रहमान. जेजेत शिकलेला माणूस मुंबई सोडून कोल्हापूरला परतला आणि रंकाळा, कोटीतीर्थ, पंचगंगा रंगवत राहिला. शाहू महाराज होते तोवर आश्रय होता. महाराज १९२२ मध्ये गेले आणि त्यानंतर आबालालांनी आपली ढीगभर चित्रं कोटीतीर्थ तलावात बुडवून टाकली, अशी आख्यायिका कोल्हापूरकर अजून सांगतात. मला ती ऐकल्यापासून उजनीच आठवते. आमच्याकडं गाव पाण्यात गेलं, त्यांच्याकडं चित्रं.

राजाश्रय गेला, ठीक आहे. पण आता राजे कोण आहेत? आपण! महिन्याला लाख-दीड लाख घरी आणणारी पोरं. फ्लॅटचा हप्ता, गाडीचा हप्ता, वीकेंडला मॉलमध्ये दोन-तीन हजार सहज उडतात. इथं स्वतःचीच लक्तरं वेशीवर टांगतो. त्या दिवशी सरांना मी विचारलं, पळसदेवचं चित्र देता का. सर गप्प बसले आणि म्हणाले, "चार हजार दे." आणि मी, ज्यानं त्याच आठवड्यात सहा हजारांचे हेडफोन घेतले होते, म्हणालो, "सर, दीड हजार?"

तोंडातून निघून गेलं. सवयच तशी. नेटवर तसल्याच साइजचं व्हेनिस नऊशेला मिळतं हे डोक्यात होतं. सर काही बोलले नाहीत. बोर्ड परत पेपरात गुंडाळला, खोक्यात ठेवला आणि "चहा घेणार ना?" म्हणाले. तो चहा कसा उतरला ते माझं मला माहीत.

चार हजारांचा हिशेब मी नंतर मांडला. त्यांना नव्हे, स्वतःला लाज वाटावी म्हणून. बोर्ड, त्याला खडू-सरसाचा हात, रंगाच्या ट्यूबा, अळशीचं तेल, टर्पेंटाइन. इंदापूरहून सायकलवर पळसदेव, उन्हात दोन तास, ओला बोर्ड कशाला लागू न देता परत. वाळायला काही दिवस. आणि त्याआधीची पाच वर्षं शिकण्यात. आम्ही अर्धा दिवस मीटिंगमध्ये म्यूटवर बसतो त्याचं बिल क्लायंटला किती लागतं?

सगळा दोष गिऱ्हाइकांचाच असंही नाही. चित्रकार मंडळींचंही एक आहे. लॅण्डस्केप म्हटलं की सगळे निघाले वाईला. नाहीतर मेणवलीला, नाहीतर नाशिकला. शिवाजी तुपेंनी जलरंगात गोदाघाट केला तो त्यांचा होता, ते नाशिकचेच, रोजचं बघणं होतं. पण पुण्यामुंबईहून बसनं जाऊन तोच घाट, त्याच पायऱ्या, तीच धुणं धुणारी बाई हजाराव्यांदा कशासाठी? बारामती-इंदापूरच्या पोरांनीसुद्धा कॉलेजच्या ट्रिपला वाईच काढायची? भिगवणला येतात ते कॅमेरेवाले, फ्लेमिंगोसाठी. रंगाची पेटी घेऊन मासळी बाजारात उभा राहिलेला एक माणूस मी पाहिलेला नाही. खरं तर आपल्याकडचा उजेड अवघड आहे. एप्रिलमध्ये दुपारी आभाळ पांढरंफटक, सावल्या तोकड्या, काळा दगड आणि पांढरी माती, मधला रंगच सापडत नाही. सर म्हणायचे, इकडचं ऊन रंगवता आलं तर काहीही रंगवता येईल. अवघड आहे म्हणून टाळायचं, हे काय कारण झालं?

आणि गॅलरीवाल्यांचं तर विचारूच नका. गावाचं ओळखू येणारं चित्र दिसलं की नाकं मुरडतात. "कॅलेंडर आर्ट", "टुरिस्टी". मग ग्वार्दी कोण होता? टुरिस्टांनाच विकत होता ना तो? ओळखू येणं हा काय गुन्हा आहे? आजीनं ओळखलं म्हणूनच ती भांडली.

गावातल्या कारभाऱ्यांनाही चित्र नको असतं. त्यांना कमान पाहिजे, फायबरचा पुतळा पाहिजे, 'आय लव्ह अमुकतमुक'ची लाल अक्षरं पाहिजेत सेल्फीला. जुनी भिंत दिसली की आधी गिलावा, मग ऑइलपेंट. (तैलरंगाशी आपल्याकडच्या गावांचा संबंध आला तो हा एवढाच.)

तर मंडळी, गेल्या महिन्यात मी परत सरांकडं गेलो. पाकिटात पूर्ण चार हजार घेऊन. सरांनी मोजले नाहीत. बोर्ड आता माझ्याकडं आहे, टेबलावर मॉनिटरच्या शेजारी भिंतीला टेकवून ठेवलाय. फ्रेम करायला टाकणार होतो, पण आजीचा आग्रह आहे की आधी दुरुस्ती करून घे. तो लिंब मूळ जागी न्यावा आणि आपल्या घराचा कोपरा दाखवावा. सरांना फोन केला. पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, "त्या चित्राला मी हात लावणार नाही. पण आजीला घेऊन ये एकदा. त्या सांगतील तसं दुसरं काढतो. आठ बाय दहाच."

आजी तयार आहे. फक्त विचारत होती, पाणी कितीपर्यंत उतरलंय.